रोजचंच बघायचं, पण जरा सरकून : मी काय काय करतो ते

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या युनिटमध्ये मी गेली एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. म्हणजे काम काय तर बघणं. लेथवरून जॉब (घडवलेला तुकडा) उतरला की व्हर्नियर लावायचा, बोअर म्हणजे आतलं भोक मोजायचं, गो-नोगो गेज (बसतं की नाही एवढंच सांगणारं माप) घालून बघायचं, बरोबर असेल तर हिरवा टॅग नाहीतर लाल. आता ज्या माणसाला बघण्याचाच पगार मिळतो त्याला तरी नीट दिसत असेल असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटायचं, आणि मग तीनेक वर्षांपूर्वी मी ३४० बुश (पोकळ गोल तुकडे) पास केले ज्यांना एका बाजूला चेम्फरच नव्हता. चेम्फर म्हणजे कडेला मारलेला तिरका काप, लपून बसणारी गोष्टच नाही ती, न मारलेली कड बोटाला लगेच लागते. माल परत आला तेव्हा खोक्यात हात घातला आणि पहिल्याच पीसला बोट कापलं. बोअर मात्र ३४० च्या ३४० बरोबर होते. कारण बोअर मी बघत होतो.

त्यानंतर बरेच दिवस मला झोप नव्हती, बोलणी खाल्ली ती वेगळीच, पण मुख्य म्हणजे भीती बसली की अजून काय काय समोर असून दिसत नाहीये. तेव्हापासून मी काही गोष्टी करायला लागलो, आधी कंपनीत, मग घरी, मग मुलीच्या अभ्यासात. मित्रांनी बऱ्याचदा विचारलं म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जे जमेल ते उचला.

आधी एक खेळ करून बघा, पाच मिनिटांचा, बाकीचं त्याच्याशिवाय पटणार नाही. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा आणि हात लांब करून धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर आला की ठिपका गायब. डोळ्याच्या आत जिथून नस बाहेर पडते तिथे बघणाऱ्या पेशीच नसतात म्हणून असं होतं, मारिओत नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकातच हे दाखवून ठेवलंय. पण खरी गंमत पुढे आहे, ठिपका जातो तिथे भोक दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो. मेंदू भरून टाकतो, आपल्याला विचारतही नाही. आणि १८०४ मध्ये ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने आणखी एक लिहून ठेवलं, की एका बिंदूवर नजर रोखून हललोच नाही तर आजूबाजूच्या स्थिर गोष्टी हळूहळू विरघळायला लागतात. म्हणजे न हलणारी गोष्ट न हलता बघितली की ती पुसली जाते, डोळ्याचा स्वभावच आहे तो.

म्हणून ते 'दृष्टिकोन बदला' वगैरे जे सगळे सांगतात ना, त्याचं मला काही होत नाही. सकाळी रील बघायची, दुपारपर्यंत उत्साह, संध्याकाळी परत तेच. नुसतं ठरवून नजर बदलत नाही हो. काहीतरी सरकवावं लागतं, एकतर स्वतःचं शरीर, किंवा भाषा, किंवा हात, किंवा वेळ. मन मग मागून येतं आपोआप, नाही आलं तरी वहीत आकडे आलेले असतात.

खडूचं वर्तुळ

हे माझं नाही, टोयोटाचं आहे. तिथले ताइची ओहनो शॉपफ्लोअरवर खडूने वर्तुळ आखायचे, नव्या इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि सांगायचे, बघत राहा. मग निघून जायचे. बऱ्याच वेळाने येऊन विचारायचे काय दिसलं, उत्तर पटलं नाही तर परत उभा. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मला वाटलं काय फालतूगिरी, आपल्याकडे कोणी असं उभं राहिलं तर शेठ म्हणेल याला काम नाही वाटतं.

मी पहिलं वर्तुळ घरी आखलं, स्वैपाकघरात. फरशीवर खडूने, दाराजवळ. नियम असे : अर्धा तास, तिथून हलायचं नाही, मोबाईल बाहेर, हातात वही-पेन, आणि वहीत मत लिहायचं नाही, फक्त मोजायचं. पाच-पाचच्या रेघा मारतो तशा. 'आईला त्रास होतो' हे मत झालं, 'आई खाली वाकली' आणि पुढे रेघा, हे चालेल. ज्याला बघणार त्याला आधी सांगायचं मात्र, नाहीतर माणूस अवघडतो आणि वेगळंच काम करून दाखवतो, आमच्या ऑडिटच्या दिवशी सगळे ऑपरेटर गॉगल घालतात तसं.

पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. खरंच सांगतो, प्रचंड कंटाळा येतो, वाटतं आता बास. तिथे सोडायचं नाही. मेंदूला जे माहीत आहे ते त्याचं सांगून संपलं की मग डोळे कामाला लागतात. आई त्या दिवशी उसळ करत होती, रविवारची सेव-उसळ, सफेद वाटाणे कुकरला लावलेले, एकीकडे तरीची तयारी. अर्ध्या तासात ती ओट्याखाली ११ वेळा वाकली. त्यातल्या ७ वेळा तेलाच्या बरणीसाठी. बरणी काढायची, ओतायचं, परत खाली ठेवायची, कारण वर पसारा तिला आवडत नाही. आईचं वय ७२, गुडघे दुखतात, आणि दोन वर्षं मी गुडघ्याला कुठलं तेल चोळायचं याचीच चर्चा करत होतो, दुखणं येत होतं दुसऱ्याच तेलातून.

आता पुढची गोष्ट महत्त्वाची आहे म्हणून जरा सावकाश लिहितो. मी लगेच विचारलं, "आई, तेल खाली का ठेवतेस?" उत्तर आलं, "मग कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

आमच्या लाइनमध्ये पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, तीही टोयोटाचीच, साकिची टोयोदांच्या नावाने सांगतात. मशीनला विचारायला फार छान आहे. माणसाला विचारलं की मराठीत 'का' चा अर्थ 'तुझं चुकलं' असा होतो, कितीही गोड आवाजात विचारा. समोरचा मग कारण देत नाही, सफाई देतो. तेव्हापासून मी 'का' टाकून 'कधीपासून' विचारतो. तेल इथे कधीपासून असतं गं?

मग सगळं निघालं. बाबा सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा आणायचे, सीझनला एकदम, इथे सगळे तसंच करायचे. तो वर कोण उचलणार, म्हणून ओट्याखाली, त्यातून बरणी भरायची, बरणी डब्याशेजारी. बाबा गेले, डबा बंद झाला, आता एक लिटरच्या पिशव्या येतात. पण बरणीची जागा तीच राहिली. डबा नाही आणि डब्याच्या शेजारची जागा आहे. असल्या जागा प्रत्येक घरात असतात आणि प्रत्येक ऑफिसात तर ढीगभर. आमच्याच कंपनीत एक रजिस्टर होतं, रोज तीन जण त्यात सह्या करायचे, 'कधीपासून' विचारल्यावर कळलं की एका पार्टीने मागितलं होतं म्हणून सुरू झालं आणि ती पार्टी माल घ्यायची बंद होऊन सहा वर्षं झाली.

बरं, मी हुशारी करून बरणी खिडकीपाशी वर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत खाली. "तिथे सकाळभर ऊन येतं, तेल खवट होईल, एवढंही कळत नाही इंजिनिअरला." बरोबर होतं तिचं. शेवटी तिनेच जागा शोधली, गॅसच्या डाव्या हाताला, पोळपाट उभा ठेवतो त्याच्या आड, सावलीत. तर बघणारा तुम्ही असलात तरी बदलणारा जो काम करतो तोच असू दे. आणि ज्या दिवशी बघितलं त्याच दिवशी काही सांगायचं नाही, एक रात्र जाऊ दे, हा माझा नियम, कारण त्याच दिवशी सांगितलं की चुका काढायलाच उभा होता असं वाटतं समोरच्याला.

दुसऱ्या भाषेत सांगून बघा

ही सोय आपल्याला बडोद्यात फुकट आहे, पुण्याच्या लोकांना नाही. घरात मराठी, गल्लीत गुजराती, कंपनीत हिंदी, ड्रॉइंगवर इंग्रजी. आपण ते चटणी करून वापरतो, मलाही एखादी गोष्ट 'फावत नाही' (जमत नाही या अर्थी) आणि हे मराठी नाही असं पुण्याच्या मावशीने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. ही मावशी एकदा आली होती, शेजारच्या बेन दारातून म्हणाल्या "डबो खाली छे", मावशीने वाकून खुर्चीखाली बघितलं. त्या बिचाऱ्या रिकामा डबा परत द्यायला आल्या होत्या. आणि आमची मुलगी लहान असताना 'काल' म्हणायची ते कधी कधी उद्याचं असायचं, गुजरातीत काले म्हणजे दोन्हीकडे जातं ना.

पण याचा उपयोग करून घ्यायचा असेल तर असं करा. तुम्हाला जी गोष्ट अगदी नीट येते, धंद्यातली, अभ्यासातली, ती अशा भाषेत सांगा ज्यात तुमच्याकडे तयार शब्द नाहीत. कळीचा शब्द वापरायचा नाही ही अट. मी आईला टॉलरन्स समजावत होतो, टॉलरन्स हा शब्द न वापरता. म्हटलं, शाफ्ट पंचवीस मिलिमीटरचा पाहिजे पण अगदी पंचवीस कोणालाच करता येत नाही, म्हणून जरासं इकडेतिकडे चालवून घेतात, ते किती ते आधी लिहून ठेवतात. आई जन्मभर घरी ब्लाउज शिवत आली. ती म्हणाली, "म्हणजे शिवणीत माया सोडतात तसं."

मी हो म्हणणारच होतो. मग थांबलो, कारण नाही, तसं नाही. माया म्हणजे मुद्दाम जास्तीचं ठेवलेलं कापड, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. टॉलरन्स म्हणजे माफ केलेली चूक. पण मग माया आमच्याकडे कुठे असते? असते की, जॉब आधी रफ कापतात तेव्हा फिनिशिंगसाठी अर्धा-पाऊण मिलिमीटर माल शिल्लक ठेवतात, अलाउन्स म्हणतात त्याला, तीच माया. एकोणीस वर्षं मी हे दोन शब्द वापरत होतो आणि नव्या मुलांना समजावताना दर वेळी घोळ व्हायचा, मलाच नीट वेगळे करून ठेवता आले नव्हते. आता पहिल्या दिवशी सांगतो, अलाउन्स म्हणजे माया आणि टॉलरन्स म्हणजे माफी. मराठी नसलेल्या पोरांनाही टेलरचं उदाहरण लगेच कळतं.

तर ज्याला सांगणार तो माणूस त्या विषयातला नको, पण स्वतःच्या कामात पक्का पाहिजे. तो चुकीची उपमा देईल, आणि ती का चुकीची हे सांगताना तुमचं डोकं साफ होईल.

परत पहिलीत बसायचं

मुलगी गुजरातमधल्या शाळेत जाते, मराठी तिला शाळेत नाही, घरी मीच वाचायला शिकवतो. ती एकेक अक्षर लावत बसायची आणि मी चिडायचो, अगं सोपं आहे. मग झालं असं की आजोबांच्या ट्रंकेत जुन्या मोडी लिपीतले कागद निघाले, गायकवाडीच्या वेळचे, जमिनीबिमिनीचे असतील म्हणून सगळ्यांना उत्साह, आणि वाचता कोणालाच येईना. म्हटलं मी शिकतो. डांडिया बाजारात ओळखीचे एक काका आहेत, रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो.

मोडीत आधी पानावर आडवी रेघ मारून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचं काही नाही. म्हणजे शब्द कुठे संपला हेच कळत नाही, आधी अर्थ लागला तर शब्द तुटतो आणि शब्द तुटला तर अर्थ लागतो. पहिल्या दिवशी दीड तासात माझ्या चार ओळी झाल्या. वय ४४, कपाळाला घाम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी अक्षर लावत असताना, आता येतच होतं ओठावर, तेवढ्यात काका शब्द सांगून टाकायचे. इतका राग यायचा की काय सांगू. बसने घरी येताना लक्षात आलं की मी मुलीला रोज हेच करतो.

आता ती अडली की मी मनात पाच आकडे मोजतो. पाचात चार वेळा ती स्वतःच वाचते.

शिकवणाऱ्या प्रत्येकाने, आईबाप, मास्तर, सुपरवायझर, सगळ्यांनी वर्षातून एकदा तरी असं काहीतरी शिकायला घ्यावं ज्यात ते ढ आहेत. छंद म्हणून नव्हे, ढ असण्यासाठी. डाव्या हाताने सही करणं, तबला, पोहणं, काहीही. जिथे लोक तुम्हाला साहेब म्हणत नाहीत अशा ठिकाणी. आपल्या सयाजीरावांचंच बघा ना, कवळाण्यासारख्या खेड्यातला बारा वर्षांचा मुलगा, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं नंतर शिकला. पुढे त्याच राजाने १८९३ मध्ये अमरेलीकडच्या गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ पर्यंत अख्ख्या राज्यात नेलं. ज्याने बाराव्या वर्षी पाटी हातात घेतली त्याला शाळा बाहेरून कशी दिसते हे ठाऊक असणार, हे आपलं माझं म्हणणं, इतिहासकारांना विचारू नका. लायब्ररीचंही तेच. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरायला लागली. वाचक येत नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा पेटी उचलून वाचकाच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो

हे मुलांबरोबर करायला भारी आहे. कोणालाही विचारा सूर्य डोक्यावर किती वाजता येतो, सगळे बारा म्हणतील, मीही म्हणायचो. गच्चीवर एक लांब बोल्ट डोक्यावर उभा करा, खाली पांढरा कागद, बाराला सुरुवात करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला टिंब. सावली लहान लहान होत जाते आणि मग परत वाढायला लागते. सगळ्यात आखूड झाली ती खरी दुपार. बडोद्यात ती वर्षभरात साधारण १२:२० ते १२:५० च्या मध्ये कुठेतरी सापडते, बाराला कधीच नाही.

कारण भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाला लावलंय, मिर्झापूरच्या बाजूला, आणि आपण ७३.२ वर, नऊ-साडेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे आपण सदतीसेक मिनिटं मागे. वरचा जो मागेपुढे फरक पडतो तो पृथ्वी तिरकी आहे आणि तिची कक्षा अगदी गोल नाही म्हणून. मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आपण बारा वाजले म्हणतो ते मिर्झापूरचे वाजतात का?" मला हे सुचलं नव्हतं बुवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर अजून मजा, आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला असल्यामुळे सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि बोल्टची सावली त्याच्याच खाली गडप होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परत एकदा, पण तेव्हा ढग.

शाळेत मी रेखांश घोकले होते, मार्कही मिळाले होते. माझ्या गच्चीशी त्यांचा संबंध आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी बोल्टने सांगितलं. तर एखादी गोष्ट तुम्हाला 'माहीतच आहे' असं वाटत असेल तर ती एकदा मोजा. पोळी भाजायला किती सेकंद, ऑफिसला जाताना सिग्नलवर किती मिनिटं, फोन दिवसात किती वेळा उचलला. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. अंदाज न लिहिता मोजलं तर 'मला वाटलंच होतं' म्हणून मोकळे होतो आपण.

बाकीची किरकोळ हत्यारं

स्वतः लिहिलेलं तपासायचं असेल तर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा. सरळ वाचलं की आपण कागद वाचत नाही, डोक्यातलं वाचतो. खोलीचा फोटो काढून मोबाईलमध्ये उलटा करा, आरशातल्यासारखा, पसारा एकदम परक्याच्या घरचा दिसायला लागतो. चित्रकार लोक आपलं चित्र आरशात बघतात ते याच्यासाठी, लिओनार्दोनेही हेच सांगून ठेवलंय.

चूक पेरायची. आमच्याकडे आता शंभर पीसमध्ये दोन-तीन खराब पीस खूण करून मुद्दाम मिसळतात, इन्स्पेक्टरला न सांगता, शेवटी मोजून काढून घेतात. दोष जितका क्वचित येतो तितका तो नजरेतून जास्त निसटतो, दिवसभर सगळं चांगलंच बघितलं की डोळा चांगलंच बघायला शिकतो. ३४० बुशचं तेच झालं होतं. घरी मुलीला सांगतो, खोलीतली एक गोष्ट बदलून ठेव, मी शोधतो. एकदा तिने भिंतीवरचं घड्याळच काढून ठेवलं होतं आणि मी दोन वेळा तिकडे बघून वेळ 'बघितली'.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं (नदीत मगरी आहेत) तेव्हा आमचं कारेलीबागेतलं खालचं घर, सगळं उचलून माळ्यावर टाकलं होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढून काढून दमलो म्हणून सामान वरच राहिलं, लागेल तसं एकेक खाली आणायचं. महिन्याभराने वर निम्म्याहून जास्त तसंच. मगरीच्या भीतीने शिकलेली ही पद्धत मी आता ऑफिसच्या ड्रॉवरला वापरतो, सगळं खोक्यात ओतायचं आणि लागेल ते परत ठेवायचं. पूर न येता.

आणि गावात फिरताना दुकानाच्या पाटीच्या वर बघा. मांडवीपासून लहेरीपुरा दरवाज्याकडे जाताना आपण कायम खाली बघतो, गर्दी, स्कूटर, शेण. वर जुन्या घरांचे लाकडी खांब आणि तुळया आहेत. तांबेकर वाडा तर माझ्या लहानपणच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, भिंतीभर चित्रं, आणि मी तो पहिल्यांदा बघितला तो मावशीला दाखवायला म्हणून. पाहुणा नसेल तर स्वतःच पाहुणे व्हा, एक दिवस ज्या रस्त्याने नेहमी येता त्या रस्त्याने उलटे जा. तोच रस्ता नसतो तो.

एक सांभाळा. हे सगळं माणसांवर फार करू नका. बायकोने मला एकदा सरळ सांगितलं की वही घेऊन माझ्या मागे उभा राहिलास तर ती वही विश्वामित्रीत जाईल. ती शिक्षिका आहे, दिवसभर चाळीस मुलं तिच्याकडे बघत असतात, घरी तरी नको म्हणाली. पटलं. ज्याला बघायचं त्यालाही आपल्याला बघायचा हक्क पाहिजे, नाहीतर ते नुसतं इन्स्पेक्शन होतं.

आईने तो हक्क वापरला. मागच्या रविवारी माझ्यावर नास्ता होता, पोहे. आली, खडू मागून घेतला, दारात वर्तुळ आखलं, त्यात स्टूल ठेवून बसली कारण उभं राहवत नाही, आणि माझीच वही मांडीवर घेतली. अर्धा तास एक शब्द बोलली नाही. एक रात्रही जाऊ दिली, नियम तिला पाठ आहे. सोमवारी सकाळी डब्याबरोबर पान फाडून दिलं :

गॅस पेटवून मग कढई शोधतो. ३ वेळा.
कोथिंबीर धुतली नाही.
फ्रीज ९ वेळा उघडला, काढलं ४ वेळा.
मीठ घातलं की नाही ते २ वेळा विसरला. (नव्हतं घातलं.)
तेलाची बरणी ओट्याखाली ठेवली.